नखाएवढी निगेटिव्ह

काही कॅमेरे असे असतात की ते गळ्यात अडकवले की माणूस फोटोग्राफर वाटू लागतो. माझा कॅमेरा खिशात टाकला की कपड्यांबरोबर धुण्यात जातो. एकदा गेलाही होता. आकाराने तो साधारण सिगारेटच्या लायटरएवढा आहे, आणि आजवर निदान चार पाहुण्यांनी तो माझ्या हातातून घेऊन तोंडात सिगारेट धरून पेटवायचा प्रयत्न केला आहे. तो माझ्याकडे कसा आला ही हकिगत लांबलचक आहे आणि माझ्या बायकोच्या मते लाजिरवाणीही आहे, म्हणून ती सोडून देतो.

या कॅमेऱ्याची एक खोड आहे. तो काड्यापेटीसारखा ओढून उघडावा लागतो, आणि फोटो काढला की परत ढकलून बंद करावा लागतो. प्रत्येक उघडझापीबरोबर आतली फिल्म एक घर, म्हणजे एका फोटोएवढी, पुढे सरकते. तुम्ही फोटो काढलात की नुसताच उघडून मिटलात, याच्याशी त्याला काही देणंघेणं नाही. तो प्रामाणिकपणे पुढे जातो. आमच्या ऑफिसात अशी माणसं बढती मिळवतात.

त्याची दुसरी खोड फिल्मची. एवढी अरुंद फिल्म आता कुठेच मिळत नाही. मग नेहमीचा रोल आणायचा आणि तो लांबीत चिरून त्याच्या पट्ट्या करायच्या, तेही मिट्ट काळोखात. त्यासाठी मी लाकडाच्या ठोकळ्यात दोन ब्लेड बसवून एक यंत्र तयार केलं. त्या यंत्राने फिल्म उत्तम कापली जाते. बोटंही उत्तम कापली जातात. आमच्या घरात मिट्ट काळोख फक्त कपड्यांच्या कपाटात मिळतो, त्यामुळे मी कपाटात बसून, दार आतून ओढून धरून फिल्म चिरतो. एकदा खालच्या मजल्यावरचे सर आले आणि त्यांनी मी कुठे आहे असं विचारलं, तर बायकोने शांतपणे सांगितलं, "कपाटात आहेत. बसा ना." सर बसले. हे सर रसायनशास्त्र शिकवून निवृत्त झालेले. कोणीही विचारलं नसताना माहिती देण्याची त्यांना अजून सवय आहे. मी रक्ताळलेली बोटं घेऊन कपाटाबाहेर आलो, तेव्हा त्यांनी फक्त एवढंच विचारलं, "आत लाल दिवा का नाही लावत? सिनेमात लावतात."

मी त्यांना सांगितलं की लाल दिवा फक्त कागदावर छापताना चालतो, फिल्मला कोणताच दिवा चालत नाही. सरांनी माझ्याकडे नापास मुलाकडे बघावं तसं बघितलं.

आता मूळ विषयाकडे येतो. आमच्याकडेच राहणाऱ्या सासूबाईंचा पंचाहत्तरावा वाढदिवस घरी करायचं ठरलं आणि बायकोने त्यासाठी एक अवघड गोष्ट जमवून आणली. तिने मावशींना बोलावलं. या मावशी म्हणजे सासूबाईंची धाकटी बहीण. दोघींमध्ये कित्येक वर्षं बोलणं नाही. कारण त्यांच्या आईचं शिवणयंत्र. ते कोणाचं, यावरून वाद. दोघींपैकी एकीलाही सुईत दोरा ओवता येत नाही. यंत्र त्यांच्या एका चुलतभावाकडे पडून आहे आणि तो त्यावर टीव्ही ठेवतो. पण वाद म्हटला की तो निष्ठेने चालवायचा असतो, आणि या बाबतीत दोघी बहिणी एकमेकींना अगदी शोभतात.

मावशी येणार हे कळल्यावर मी जाहीर केलं, की वाढदिवसाचे फोटो मी काढणार, फक्त मी, आणि माझ्या कॅमेऱ्याने. फोन कोणी बाहेर काढायचे नाहीत.

"का?" बायकोने विचारलं.

"सगळे वेगवेगळ्या फोनकडे बघतात. एकाची नजर एकीकडे, दुसऱ्याची दुसरीकडे. फोटोत लोक चुकलेल्या गुरांसारखे दिसतात."

"आणि तुमच्या फोटोत?"

"माझे फोटो तू पाहिलेसच कुठे?"

"तेच म्हणतेय मी," ती म्हणाली. पण त्या दिवशी तिने दारातच सगळ्यांचे फोन गोळा करून एका टोपलीत ठेवले. माझ्यावरच्या विश्वासापोटी तिने केलेली ही शेवटची गोष्ट.

पाहुणे आले. प्रत्येकाला कॅमेऱ्याचं भारी कौतुक. "हा कॅमेरा? खरंच? बघू कसा उघडतो?" आणि मी प्रत्येकाला उघडून दाखवत होतो, मिटून दाखवत होतो, पुन्हा उघडून दाखवत होतो. शेजाऱ्यांना दाखवला, साडूला दाखवला, साडूच्या मुलीला तर तिने तीनदा मागितला म्हणून तीनदा दाखवला. फिल्म पुढे पुढे चालली होती आणि तिच्याबरोबर मीही. केक कापला तेव्हा मी सहज कॅमेऱ्यावरचा घरांचा आकडा पाहिला. जेमतेम तीन-चार घरं उरली होती. बाकीच्या सगळ्या फिल्मवर मी काहीही न काढता मन लावून पुढे सरकलो होतो.

पण खानदानी माणूस चेहऱ्यावर काही दाखवत नाही. मी एक फोटो केकचा काढला. एक सगळ्यांचा काढला. आणि मग बायकोने मला कोपराने ढोसलं.

सोफ्याच्या एका टोकाला सासूबाई बसल्या होत्या आणि दुसऱ्या टोकाला मावशी. मध्ये एक उशी उभी करून ठेवली होती. दोघी समोरच्या भिंतीकडे बघत होत्या. मी म्हणालो, "आई, जरा आत सरका. मावशी, तुम्हीही. कॅमेरा लहान आहे हो, एवढं सगळं त्यात मावत नाही." मावशींनी उशी उचलून मांडीवर घेतली. दोघी सरकल्या. माझ्या कॅमेऱ्याला एक बारीकशी साखळी आहे, जवळून फोटो काढताना तिने अंतर मोजायचं. मी साखळीचं टोक सासूबाईंच्या नाकाला लावलं. "हे काय आता?" म्हणून त्या दचकल्या, मावशी फिस्सकन हसल्या, आणि त्या क्षणी कोणाचा तरी हात कोणाच्या तरी हातावर गेला. मी बटण दाबलं.

बायकोच्या डोळ्यांत पाणी आलं. माझ्याही आलं, पण साखळी डोळ्यात गेली होती म्हणून, असं मी सांगितलं.

दुसऱ्या दिवशी सकाळी सासूबाई चहा पिताना म्हणाल्या, "शेवटी धरलाच ना हात तिने. कळली असेल चूक." हे वाक्य कसं कोण जाणे चहा संपायच्या आत मावशींपर्यंत पोचलं. लगेच मावशींचा फोन. "मी? मी हात धरला? अगं, तुझ्या आईने धरला! मला वाटलं बिचारीला उठायला आधार हवाय!" बायकोने फोन सासूबाईंच्या कानाला लावायचा प्रयत्न केला. सासूबाई म्हणाल्या, "तिला सांग, फोटो आहे. फोटोत मी हात धरलेला दिसला तर मी स्वतः तिच्या घरी जाऊन माफी मागेन. यंत्रासकट." पलीकडून मावशी म्हणाल्या, "तिला सांग, मीसुद्धा."

मावशींनी फोन ठेवला आणि दोघींनी बोलणं पुन्हा बंद केलं. बायको माझ्याकडे वळली. "धुवा तो फोटो. लवकर."

"आणि त्यात कोणीतरी एकीनेच धरलेला दिसला तर?"

मला तेव्हाच कळलं, की फोटो आला नाही तर दोघी माझ्यावर रागावणार, आणि आला तर एकमेकींवर. त्यातल्या त्यात मला पहिलंच बरं वाटू लागलं. पण बायकोकडे बघून मी रसायनांची यादी करायला घेतली.

फिल्म धुवायला रसायनं लागतात. ती मिळवताना दुकानदाराने माझ्याकडे संशयाने पाहत विचारलं, "कशाला हवंय?" मी म्हणालो, "फिल्म धुवायला." त्याने आत जाऊन मालकाला विचारलं, मालकाने बाहेर येऊन मला विचारलं, आणि शेवटी दोघांनी मिळून मला सल्ला दिला की कॉलेजचं पत्र आणा. मी म्हणालो मी पन्नाशीचा आहे. मालक म्हणाला, "मग प्राचार्यांचं आणा." शेवटी सर माझ्याबरोबर आले आणि त्यांनी दुकानात उभं राहून मालकाला आम्लांवर छोटंसं व्याख्यान दिलं. मालकाने पुड्या बांधून दिल्या, ते बहुतेक आम्ही जावं म्हणून.

परत येताना सर म्हणाले, "सोसायटीची लेखी परवानगी घ्या. उद्या कोणी तक्रार केली तर?" हा सल्ला मी मानला. आयुष्यात मानलेल्या सल्ल्यांमध्ये त्याचा नंबर फार वरचा आहे. सेक्रेटरींनी माझा अर्ज दोनदा वाचला आणि विचारलं, "हा व्यवसाय की छंद?"

"छंद."

"छंद असेल तर परवानगी लागत नाही. पण तुम्ही मागितली आहे, म्हणजे आता द्यावी लागणार. द्यायची तर स्थळपाहणी करावी लागणार." आणि कपाळाला आठ्या घालून ते म्हणाले, "बाथरूम हे राहण्याच्या जागेत धरतात की नाही, तेही बघावं लागेल."

रविवारी सकाळी मी बाथरूमचा ताबा घेतला. बाथरूम आमच्या घरात एकच. दाराच्या फटी टॉवेलने बुजवल्या, खिडकीला घोंगडी लावली. दिव्याचं बटण दाराबाहेर असतं, आणि आमच्या घरात दिसेल ते बटण दाबायची सगळ्यांना सवय आहे, म्हणून मी बल्बच काढून ठेवला. माझ्या या दूरदृष्टीचं मलाच कौतुक वाटलं. मग दार लावलं, आणि काळोखात गीझरचा लालभडक दिवा माझ्याकडे टक लावून बघू लागला. त्याच्यावर मी मोजा चढवला.

आता पद्धत सांगतो. एवढ्याशा फिल्मसाठी धुण्याचं भांडं मिळत नाही, म्हणून मी ती लाटण्याभोवती गोल गोल गुंडाळली आणि दोन्ही टोकांना रबर लावलं. समोर तीन उंच जग. पहिल्यात चित्र उमटवणारं पाणी, दुसऱ्यात व्हिनेगर, तिसऱ्यात चित्र पक्कं करणारं. काळोखात ओळखता यावेत म्हणून पहिल्या जगाला एक रबर, दुसऱ्याला दोन, तिसऱ्याला तीन. तिन्ही जग कोमट पाण्याच्या टबात. लाटणं पहिल्या जगात उभं करायचं आणि हलक्या हाताने फिरवत राहायचं. वेळ सांगायचं काम बायकोकडे, दाराबाहेर.

"झालं का एक मिनिट?" मी विचारलं.

"झालं."

"आता?"

"अहो, आत्ताच तर सांगितलं."

एवढ्यात सासूबाईंचा आवाज आला. "आत कोण आहे?"

"हे आहेत, आई. फोटो धुतायत."

"कधी निघतील?"

"अजून थोडा वेळ लागेल."

"माझं थोडक्यात आहे," सासूबाई म्हणाल्या. त्यांच्या आवाजात अशी काही कळकळ होती की मी लाटणं दुप्पट वेगाने फिरवू लागलो. बायकोने त्यांना शेजाऱ्यांकडे जायला सांगितलं. त्या म्हणाल्या, मी आयुष्यात कोणाच्या घरी यासाठी गेले नाही. मग सरांचा आवाज आला. ते वास घेत वर आले होते. "गोल फिरवू नका, वरखाली करा!" ते दारातून ओरडले. मी वरखाली करू लागलो. "फार जोरात नको!" त्यांना कसं दिसत होतं कोण जाणे. त्यांनी मग सासूबाईंना ही रासायनिक क्रिया समजावून सांगायला घेतली, आणि त्या क्षणी ती समजून घेण्याच्या स्थितीत त्या मुळीच नव्हत्या.

"मिनिटं किती झाली?" मी ओरडलो.

"सरांच्या नादात विसरले!" बायको म्हणाली.

मी अंदाजाने लाटणं बाहेर काढलं, दोन रबरांचा जग चाचपडू लागलो, आणि नेमके तेव्हाच सेक्रेटरी स्थळपाहणीला आले. त्यांनी बेल वाजवली, आत आले, आणि दाराबाहेरची गर्दी बघून त्यांना वाटलं आत काहीतरी घडलंय. "आत कोण आहे? बाहेर या!" मी म्हणालो, येऊ शकत नाही. "का?" मी म्हणालो, उजेड चालत नाही. हे ऐकून त्यांचा संशय बळावला. त्यांनी खाली वाकून दाराखालचा टॉवेल हातातल्या काठीने बाजूला सारला आणि फोनचा टॉर्च आत मारला.

त्या क्षणी मी जे केलं त्याला माझ्या मते शौर्य म्हणतात. मी गर्रकन पाठ फिरवली, बनियन वर केलं आणि लाटणं पोटाशी धरून त्याच्यावर वाकून बसलो, बाळाला छातीशी कवटाळावं तसा. कोमट रसायन पोटावरून ओघळत होतं. बाहेर सेक्रेटरी म्हणत होते, "पाठ दिसतेय. माणूस जिवंत आहे." बायको म्हणाली, "टॉर्च बंद करा हो!" सासूबाई म्हणाल्या, "मी सांगते, मला आत जाऊ द्या!" आणि सर म्हणाले, "लाल दिवा असता तर हे झालंच नसतं."

टॉर्च बंद झाला. मी दोन रबरांचा जग शोधला, मग तीन रबरांचा. मनातल्या मनात स्वतःच मिनिटं मोजली आणि पुरेशी झाल्यावर दार उघडलं. सासूबाई वाऱ्यासारख्या आत गेल्या. मी लाटणं हातात घेऊन, पोटावर तपकिरी डाग मिरवत, सेक्रेटरींसमोर उभा राहिलो. त्यांनी डागांकडे पाहिलं, लाटण्याकडे पाहिलं, आणि कागदावर काहीतरी लिहून निघून गेले.

आता फिल्म वाहत्या पाण्यात धुवायची होती. मी स्वयंपाकघरातला नळ सोडला. नळाने एक उसासा टाकला आणि गप्प झाला. खाली सूचना फलकावर म्हणे केव्हापासून लावलं होतं, आज टाकी साफ होणार. बायकोने फ्रिज उघडून पिण्याच्या गार पाण्याच्या सगळ्या बाटल्या पुढे केल्या. माझ्या हातात दुसरा उपाय नव्हता. मी कोमट रसायनातून काढलेली फिल्म सरळ त्या बर्फगार पाण्यात बुडवली. मागून सरांनी "अहो, नको!" म्हटलं, आणि आयुष्यात पहिल्यांदाच त्यांचं म्हणणं बरोबर होतं. फिल्मवरच्या थराला एकदम थंडी भरली की तो सुरकुततो, आटवलेल्या दुधावरच्या सायीसारखा. चित्र मग कणाकणांचं होतं.

वाळल्यावर मी ती लांबलचक पट्टी खिडकीसमोर धरली. कोरं, कोरं, कोरं. कौतुक करणाऱ्या सगळ्या पाहुण्यांची घरं कोरीच. मग केक आणि सगळ्यांचा फोटो, म्हणजे दोन काळे ठिक्कर चौकोन. टॉर्चने ते गिळले होते. आणि शेवटी, लाटण्याच्या पलीकडच्या बाजूला, माझ्या पोटाच्या आडोशाला असलेलं एक घर शाबूत राहिलं होतं. माझ्या अंगठ्याच्या नखाएवढं.

"आलं?" बायकोने विचारलं.

"आलं," मी म्हणालो. "पण डोकी नाहीत."

साखळी नाकाला लावून अंतर मोजलं, पण मी बघतो ते छिद्र आणि कॅमेऱ्याचं भिंग एका जागी नसतात हे मी विसरलो होतो. फोटोत हनुवटीच्या खालचं सगळं आलं होतं. दोन माना, एक उशी, आणि उशीवर दोन हात. एकावर एक.

बायकोने मावशींना फोन केला, आणि मावशी इतक्या लवकर आल्या की त्या कोपऱ्यावरच थांबल्या असाव्यात. सासूबाई खुर्चीवर ताठ बसून होत्या. मी निगेटिव्ह अंगठा आणि बोटात धरून खिडकीसमोर उभा राहिलो आणि भिंग पुढे केलं.

"आधी मी," सासूबाई म्हणाल्या.

"मोठी आहे म्हणून?" मावशींनी भिंग धरलं.

दोघींनी भिंग सोडलं नाही, त्यामुळे दोघींची डोकी एकमेकींवर आपटली, आणि तशीच राहिली, कारण मागे घेणार कोण? दोघी एका भिंगातून एकेक डोळ्याने बघू लागल्या.

"हा वरचा हात तुझा," सासूबाई म्हणाल्या.

"नीट बघ. हे काळं म्हणजे पांढरं असतं. वरचा तुझा."

"माझी बोटं एवढी जाड आहेत?"

"होती! आठव ना, आईची अंगठी तुलाच होत नव्हती."

"मला होत होती, तुला होत नव्हती!"

थराच्या सुरकुत्यांमध्ये दोन हातांचा नुसता रवा झाला होता. वरचा कोणता आणि खालचा कोणता, हे ब्रह्मदेवालाही सांगता आलं नसतं. मी तसं सांगायला तोंड उघडलं, तर बायकोने माझ्या पायावर पाय दिला.

"तू म्हणतेस माझा हात असा होता," सासूबाई म्हणाल्या, आणि दाखवायला त्यांनी मावशींचा हात ओढून खिडकीच्या कट्ट्यावर ठेवला आणि त्यावर आपला ठेवला. "असा नव्हताच!"

"आणि माझा तरी असा कुठे होता?" मावशींनी आपला हात काढून वर ठेवला. सासूबाईंनी पुन्हा आपला वर ठेवला. मावशींनी पुन्हा. मग सासूबाईंना हसू आलं, ते त्यांनी दाबलं, आणि ते मावशींना फुटलं. हात मात्र दोघींनी काढला नाही. आता कोणाचा वर होता ते मी पाहिलंच नाही, कारण मला निगेटिव्ह हलू न देता उभं राहायचं होतं आणि खरं सांगायचं तर डोळ्यांपुढे सगळं अंधुक झालं होतं. या वेळी साखळी जवळपास कुठेच नव्हती.

बायकोने स्वतःचा फोन कधी बाहेर काढला, मला कळलं नाही. तिने बाजूला उभं राहून फोटो काढला.

तोच फोटो आता आमच्या बैठकीच्या खोलीत आहे. दोन म्हाताऱ्या बहिणी डोक्याला डोकं लावून हसतायत, हात एकमेकींत अडकलेत. फोटो स्वच्छ आहे, रंगीत आहे, डोकी आहेत. आणि मधोमध, खिडकीच्या उजेडात, अंगठा आणि एक बोट, त्यात धरलेली काळी चिंधी. पाहुणे विचारतात हा अंगठा कोणाचा. मी काही बोलायच्या आत सासूबाई उत्तर देतात.

"फोटोग्राफरचा."